नाशिकची ओळख बाटलीबंद होऊ देऊ नका

मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत शनिवार-रविवारची सहल ठरू लागली की आजकाल एक आखणी हमखास पुढे येते. शुक्रवारी सायंकाळी कचेरीतून थेट निघायचे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटाची कटकटही उरलेली नाही. रात्री गंगापूर धरणाच्या परिसरात किंवा दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षमळ्याकडे उघडणारी खिडकी असलेल्या खोलीत मुक्काम. सकाळी यजमानांच्या घरची न्याहारी. दुपारी एका वायनरीत पाच-सहा प्रकारच्या वाईनची 'चव', सायंकाळी दुसरीच्या गच्चीवरून सूर्यास्त, रविवारी तिसरीत भोजन आणि परतताना गाडीच्या डिकीत चार बाटल्या. या आखणीच्या अगदी तळाशी एक ओळ असते : वेळ उरल्यास त्र्यंबकेश्वर.

'वेळ उरल्यास' या दोन शब्दांत गेल्या पंचवीस वर्षांची सगळी कहाणी आली. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक जिथे आहे, ब्रह्मगिरीवर जिथे गोदामाईचा उगम आहे, पंचवटीच्या ज्या भूमीशी प्रभू रामचंद्रांच्या वनवासाची स्मृती जोडलेली आहे आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थासाठी अखिल भारतातील साधुसमाज ज्या घाटांवर उतरतो, ती नगरी आता उरल्यासुरल्या वेळेची धनी झाली आहे. तिचे नवे बिरुद आहे 'भारताची वाईन राजधानी'. हे बिरुद नाशिककरांनी मागितले नव्हते. ते बाजाराने दिले, शासनाने उचलून धरले आणि आपण सुशिक्षितांनी टाळ्या वाजवून स्वीकारले.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पती-पत्नीने संसाराच्या धबडग्यातून दोन दिवस काढून घराबाहेर जावे, याला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. उलट, ज्या घरात नवरा-बायकोला एकमेकांशी निवांत बोलायला वेळ नाही, ते घर आतून पोखरले जाते, हे कुटुंब प्रबोधनाचे काम करणारा प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. पर्यटनालाही विरोध नाही. ग्रामीण भागात रोजगार आणणारा तो एक चांगला उद्योग आहे. प्रश्न एवढाच आहे की, या दोन दिवसांच्या केंद्रस्थानी पेला कोणी आणून ठेवला आणि कोणाच्या पैशाने?

पाहुणचार आपला, पेला परका

ज्याला आज 'बेड अँड ब्रेकफास्ट' म्हणून नव्याने विकले जाते, ती कल्पना नाशिक-त्र्यंबकला शिकवण्याची गरज कधीच नव्हती. शतकानुशतके येथील तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांत देशभरातील यात्रेकरू उतरत आले. उपाध्यायांच्या घरीच मुक्काम, त्यांच्याच घरी जेवण, त्यांच्याच हातून कुशावर्तावर किंवा रामकुंडावर विधी आणि निघताना नामावळीत कुळाची नोंद. पणजोबा केव्हा येऊन गेले, सोबत कोण होते, हे पणतवाला त्या वह्यांतून वाचता येते. जगातल्या कोणत्या हॉटेलात पाहुण्याची अशी नोंद ठेवली जाते? अतिथी हा गिऱ्हाईक नसून नात्याने बांधलेला माणूस आहे, ही भावना त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने 'निवास व न्याहारी' योजना आणली, तेव्हा याच भावनेला आधुनिक रूप देण्याची संधी होती. राहत्या घरातील काही खोल्या पर्यटकांना द्याव्यात, घरचे जेवण द्यावे, चार पैसे कुटुंबाला मिळावेत, पाहुण्यालाही स्थानिक जीवन कळावे, अशी ही सोज्ज्वळ योजना आहे. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरणही आले. शेतकऱ्याच्या घरी राहणे, बैलगाडीतून फिरणे, हुरडा खाणे, शेतीची कामे पाहणे हा त्याचा गाभा. नाशिकच्या द्राक्षपट्ट्याइतकी या दोन्ही योजनांना अनुकूल भूमी दुसरी कोणती असणार? तथापि प्रत्यक्षात या पट्ट्यातील मुक्कामाची जाहिरात वाचली, तर घर, अंगण, शेत हे सारे पार्श्वभूमीला आणि 'वायनरीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर' हे वाक्य अग्रभागी. यजमानाच्या पाहुणचाराची किंमत त्याच्या घरापासून चवकक्ष किती जवळ आहे यावरून ठरू लागली आहे.

द्राक्ष तुडवण्याचा खेळ याच वृत्तीचे दुसरे दर्शन. सुगीच्या दिवसांत पर्यटकांना लाकडी पिंपांत उतरवून पायांखाली द्राक्षे तुडवायला लावतात, छायाचित्रे काढतात. युरोपातील शेतकऱ्याची ती कधीकाळची कामाची पद्धत होती. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु जेवताना शीत सांडले तर उचलून कपाळाला लावणाऱ्या आपल्या घरातील मुलांनी पैसे मोजून फळे पायदळी तुडवावीत, आणि आईवडिलांनी त्याचे चित्रण करावे, हा केवळ खेळ आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. ज्या शेतकऱ्याने डाऊनी आणि भुरीशी झुंजत, अवकाळी पावसात आभाळाकडे डोळे लावून तो घड वाढवला, त्याला हे दृश्य कसे दिसत असेल?

शेतकऱ्याच्या नावाने

वाईनच्या बाजूने पहिला युक्तिवाद असतो तो शेतकऱ्याचा. त्याचा सरळ हिशेब मांडू.

नाशिकजवळ सुला व्हिनयार्ड्सची पहिली वाईन बाजारात आली २००० साली. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. नाव 'द्राक्ष प्रक्रिया', आशय वाईन. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क आले, उत्पादन शुल्कातून सूट मिळाली, परवाने सुलभ झाले. २००५ मध्ये सुलाने पर्यटकांसाठी चवकक्ष उघडला आणि वाईन पर्यटनाचा मार्ग मोकळा झाला. २००९ पासून वाईन उद्योग प्रोत्साहन योजनेखाली विक्रीवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के रक्कम उत्पादकांना परत मिळू लागली. डिसेंबर २०२२ मध्ये सुला कंपनी शेअर बाजारात दाखल झाली. उद्योग म्हणून हे यश निर्विवाद आहे आणि त्यामागील उद्यमशीलताही मान्य करावी लागेल.

मात्र शेतकऱ्याचे काय झाले? २००८ ची जागतिक मंदी आणि मुंबईवरील २६ नोव्हेंबरचा दहशतवादी हल्ला यांनंतर हॉटेल व्यवसाय थंडावला, वाईनचा उठाव कोसळला. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. अनेक ठिकाणी करारातील द्राक्षे उचलली गेली नाहीत, पैसे थकले, आणि २००९-१० च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातील कित्येक शेतकऱ्यांनी मोठ्या आशेने लावलेल्या वाईन द्राक्षांच्या बागा स्वतःच्या हाताने उपटल्या. असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. कॅबरने सोव्हिन्याँ, शिराज किंवा शेनिन ब्लांक या जातींचे मणी लहान, बियांचे आणि जाड सालीचे. ते खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात चालत नाहीत. नाशिक-सांगलीत ज्याला बेदाणा म्हणतात, तोही त्यांचा होत नाही. थॉमसन सीडलेसचा शेतकरी निर्यात फसली तर देशी बाजार पाहतो, तिथे दर पडले तर बेदाणा करतो. वाईन द्राक्षाच्या शेतकऱ्याला एकच दार असते. ते बंद झाले की बाग सरपणाच्या भावाची.

नाशिकचे बहुसंख्य द्राक्षबागायतदार आजही खाण्याची द्राक्षेच पिकवतात. जगाच्या बाजारात नाशिकचे नाव झाले ते त्यांच्या कष्टाने. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपने द्राक्षे नाकारली, तेव्हा हे बागायतदार अक्षरशः कोसळले होते. त्यातून काही शेतकरी एकत्र आले, आणि दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या कंपनीने निर्यातीत देशात अग्रस्थान मिळवले. शेतकऱ्याचे कल्याण कसे साधते, याचे उदाहरण नाशिकनेच घालून दिले आहे, आणि त्यात मद्याचा थेंबही नाही. वाईनवरील कर परत करणाऱ्या शासनाने तोच हात बेदाण्याला, द्राक्षरसाला, शीतगृहांना आणि अवकाळीपासून बचाव करणाऱ्या आच्छादनांना तितक्याच सढळपणे का दिला नाही, याचे उत्तर शेतकऱ्याच्या नावाने वाईनची वकिली करणाऱ्यांनी द्यावे.

'वाईन म्हणजे दारू नव्हे'?

दुसरा युक्तिवाद जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राने मोठ्या आवाजात ऐकला. २७ जानेवारी रोजी तत्कालीन महाविकास आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास मान्यता दिली. डाळ-तांदळाच्या शेजारच्या कपाटात बाटली. खासदार संजय राऊत यांनी वाईन ही दारू नसल्याचा निर्वाळा दिला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, राज्यभर विरोध उठला आणि निर्णय अमलात आला नाही. निर्णय थांबला, युक्तिवाद मात्र घराघरांत शिरून बसला आहे.

तो आकड्यांवर तपासू. वाईनमध्ये साधारणतः १२ ते १३ टक्के अल्कोहोल असते. दीडशे मिलिलिटरचा एक पेला म्हणजे सुमारे १८ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. तेवढेच अल्कोहोल ४२-४३ मिलिलिटर व्हिस्कीत असते. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याचा समावेश निश्चित कर्करोगकारकांच्या गटात केला आहे. आणि मद्यसेवनाची कोणतीही पातळी आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. 'हृदयाला चांगली असते' हे आपल्या बैठकीच्या खोल्यांत फिरणारे वाक्य आता विज्ञानाच्या आधाराने उच्चारता येत नाही.

कायदाही वाईनला दारूच समजतो. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार महाराष्ट्रात वाईन पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास वाहनचालक गुन्हेगार ठरतो. एका दुपारी दोन वायनऱ्या 'करून' स्वतःच्या गाडीने मुक्कामी परतणाऱ्या दांपत्यांपैकी किती जणांना हे कलम आठवते? धरणाकाठच्या त्या अरुंद रस्त्यांवरून त्याच वेळी शाळेची मुले आणि भाजीच्या जाळ्या घेऊन निघालेले शेतकरीही जात असतात.

मग कोणी सोमरसाचा दाखला देतो. आपले पूर्वजही पीत होते, असे सांगताना या मंडळींच्या चेहऱ्यावर विद्वत्तेचे तेज असते. परंतु वैदिक वाङ्मयानेच सोम आणि सुरा यांत स्पष्ट भेद केला आहे. सोम हा यज्ञात देवतेला अर्पण होणारा वनस्पतीचा रस. सुरा ही आंबवलेली मादक गोष्ट. स्मृतिकारांनी सुरापानाची गणना महापातकांत केली. आयुर्वेदात द्राक्षासव आहे, हेही खरे. ते वैद्याच्या सल्ल्याने, मात्रेत मोजून, आजाऱ्याने घ्यायचे औषध आहे. सूर्यास्त पाहत पेल्यावर पेला रिचवण्याला चरकाचा आधार शोधणे ही परंपरेची चेष्टा आहे.

गरिबाची दारू, श्रीमंताची संस्कृती

या प्रकरणातील सर्वांत बोचणारी बाब वेगळीच आहे. नाशिक जिल्ह्याच्याच पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या तालुक्यांत वनवासी बांधव पिढ्यान्‌पिढ्या मोहाची फुले वेचत आले. इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने आणि १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने या फुलांवर पहारे बसवले, कारण त्यांना महसूल हवा होता. इंग्रज गेले, पाड्यावरच्या म्हातारीची हंडी फोडणारे हात तसेच राहिले. मोहाच्या दारूचे समर्थन येथे करायचे नाही. तिने वनवासी संसारांची राखरांगोळी केली आहे आणि ती सुटावी म्हणून आपले कितीतरी कार्यकर्ते पाड्यापाड्यांवर खपत आहेत. पण पाड्यावरची हंडी हा गुन्हा आणि दिंडोरीतली टाकी हा सवलतपात्र उद्योग, हा न्याय कुठला?

गावातील दारूचे दुकान बंद करायचे तर २००८ च्या आदेशानुसार एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी 'आडव्या बाटली'ला मत द्यावे लागते. मजुरी बुडवून, नवऱ्याचा मार चुकवून, दुकानदाराची धमकी सोसून या मायभगिनी रांगेत उभ्या राहतात, आणि एवढे करूनही मतदान थोडे कमी पडले म्हणून उभी बाटली उभीच राहते. त्याच राज्यात चवकक्षांसाठी पायघड्या घातल्या जातात. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने औषधी उपयोग वगळता मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. घटनेचा उठताबसता जप करणाऱ्या पुरोगाम्यांना हा अनुच्छेद नेमका आठवत नाही. महात्मा फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांना विरोध केला. लोकमान्य टिळकांनी १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन करणाऱ्या चळवळीचे नेतृत्व केले. ज्या दोन प्रवाहांना एरवी परस्परांसमोर उभे करण्यात धन्यता मानली जाते, ते या प्रश्नावर एकाच बाजूला उभे होते. त्यांचे वारस म्हणवणारे कोणत्या बाजूला आहेत?

प्रश्न आपल्यांनाही

हा प्रश्न केवळ विरोधकांना विचारून मोकळे होता येणार नाही. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी करणारे सरकार आपल्या विचाराचे होते आणि २०२१ मध्ये ती उठवणारे विरोधी विचाराचे, हे सांगताना आपली मान ताठ असते. २०२२ मध्ये महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होऊ देणार नाही, ही घोषणाही आपल्याच बाजूने झाली होती. मात्र मध्यंतरी बंद पडलेली वाईन उद्योग प्रोत्साहन योजना जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा सत्तेवर महायुती होती. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढले, त्यातून वाईन वगळली गेली, तेव्हाही महायुतीच होती. सरकार आपले असेल तर प्रश्न विचारण्याचे दायित्व वाढते. ज्या युक्तिवादाला आपण रस्त्यावर उतरून विरोध केला, तोच युक्तिवाद मंत्रालयातील टिपणीत मान्य होत असेल, तर कार्यकर्त्याने गप्प बसणे ही निष्ठा नव्हे.

आणि सरकारच्या आधी आपली घरे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावणाऱ्या, मुलांना रामरक्षा शिकवणाऱ्या घरांतूनही 'एवढे काय त्यात, वाईनच तर आहे' हे वाक्य आता सहज ऐकू येते. भोगवाद दार फोडून येत नाही. तो प्रतिष्ठेचे वस्त्र पांघरून येतो आणि आपणच त्याला पाट देतो. देशी दारूचा गुत्ता आपल्याला किळसवाणा वाटतो, कारण तिथे गरीब बसतो. चवकक्ष आपल्याला सुसंस्कृत वाटतो, कारण तिथे आपल्यासारखे लोक बसतात. दहा वर्षांचा मुलगा मात्र हा फरक शिकत नाही. आईबाबा सुटीत आनंद साजरा करतात तो पेल्याने, एवढेच तो शिकतो. पुढे महाविद्यालयात गेल्यावर त्याला कोणत्या तोंडाने अडवणार?

दोन दिवसांचे नाशिक

निव्वळ विरोध करून भागत नाही. पर्याय द्यावा लागतो. नाशिकपाशी तो ओंजळ भरून आहे. निवास व न्याहारी योजनेतील एखाद्या घरी उतरावे. पहाटे रामकुंडावर गोदास्नान, मग काळारामाचे दर्शन. त्याच मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. समरसतेचा धडा मुलांना तिथे उभे करून शिकवावा. दुपारी भगूरला जावे. २८ मे १८८३ रोजी स्वातंत्र्यवीर सावरकर जिथे जन्मले ते घर पाहावे, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी याच नाशिकमध्ये जॅक्सनवर पिस्तूल रोखणारा अनंत कान्हेरे हा कोवळा तरुण वर्षाच्या आत फासावर गेला, हे एकमेकांना सांगावे. सिन्नरला यादवकालीन गोंदेश्वराचे पंचायतन आहे, ज्याचे शिल्प पाहायला एक सकाळ अपुरी पडते.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर आणि अंजनेरी. परंपरेने ही हनुमंताची जन्मभूमी. पाय धडधाकट असतील तर ब्रह्मगिरी चढावा. दोघांनी मिळून चढलेला डोंगर संसाराला जे शिकवतो, ते कोणत्याही गच्चीवरच्या सूर्यास्तात नाही. पक्ष्यांची आवड असेल तर निफाडजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. वणीची सप्तशृंगी आहे, येवल्याला पैठणीचे माग आहेत, चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर एखाद्या बागायतदाराच्या मळ्यात बसून वेलीवरून उतरवलेले द्राक्ष खावे. ते तसेच, फळ म्हणून, किती गोड असते याचा अनेकांना विसर पडला आहे.

२०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा आहे. या पर्वाला नाशिकमध्ये येणाऱ्या कोट्यवधी भाविकांसमोर आपण कोणते नाशिक ठेवणार, हे ठरवण्याची घडी हीच आहे. नाशिक-त्र्यंबकमधील सुस्थित कुटुंबांनी आपल्या घराची एक खोली निवास व न्याहारी योजनेत नोंदवावी आणि पाहुण्याला आपल्या पूर्वजांच्या रीतीने वागवावे. राज्यभरातील कुटुंबांनी पुढची सहल आखताना त्र्यंबकेश्वर कागदाच्या पहिल्या ओळीवर लिहावे. आणि कार्यकर्त्यांनी आपल्या आमदाराला भेटून एकच मागणी करावी : वाईनला मिळणारा परतावा बंद करा आणि तो पैसा बेदाणा, द्राक्षरस व शीतगृहे यांच्याकडे वळवा. मागणी साधी आहे, हिशेबी आहे आणि शेतकऱ्याच्या हिताची आहे. ती मान्य होईपर्यंत ती करत राहणे आपल्या हाती आहे.